अजानच्या दहा मिनिटे आधी गॅस बंद

संध्याकाळचे सहा वाजतात. मोमिनपुऱ्यात फळांच्या गाड्यांभोवती शेवटची गर्दी उसळलेली असते. कुणी टरबुजाचा काप तोलून घेत असतो, कुणी समोशांचा पुडा सांभाळत दुचाकीला किक मारत असतो. जाफरनगर, ताजबाग, हंसापुरी, सगळीकडे घराघरांत दस्तरखान अंथरले जाते. खजुरांची ताटली मधोमध येते, सरबताचे पेले मांडले जातात. अब्बू येऊन बसतात. दादीला भिंतीचा आधार मिळतो. लहानगे तर अर्ध्या तासापासून समोशांवर नजर लावून बसलेले असतात. मग अजान होते आणि सगळे हात एकदम खजुराकडे जातात.

दस्तरखानवरची एक जागा मात्र रिकामी असते. अम्मी कढईपाशी असते. भज्यांचा शेवटचा घाणा काढायचा राहिलेला असतो. ती झारा एका हातात धरून दुसऱ्या हाताने खजूर तोंडात टाकते, नळाचे अर्धा पेला पाणी पिते आणि उभ्याउभ्याच रोजा सोडते. तेरा तासांचा उपवास, आणि तो सोडायला बसायचीही सवड नाही.

हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की कुणाच्या डोळ्यांना ते खुपत नाही. ते फक्त मुसलमानांच्या घरातले आहे असेही नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणात सगळ्यांची पंगत उठल्यावर पान घेणारी आई नागपूरच्या प्रत्येक वस्तीत भेटते. दिवाळीच्या पहाटे सगळ्यांना उटणे लावून स्वतः शेवटी न्हाणारी आईही तीच. सण घराचा असतो आणि सणाची मेहनत आईची, ही वाटणी सर्वधर्मीय आहे. रमजानमध्ये ती तीस दिवस रोज दिसते, एवढाच फरक.

दिवस तोच, कामे दुप्पट

रमजान म्हणजे दिवसभर खाणे नाही, मग स्वयंपाकाचा त्रास कमीच होत असेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. पहाटे उजाडण्यापूर्वी सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे जेवण. सूर्यास्ताला इफ्तार, म्हणजे रोजा सोडणे. त्यानंतर रात्रीचे जेवण. शिवाय घरात रोजा नसलेली लहान मुले, आजारी माणसे किंवा वृद्ध असतील, तर त्यांचा दुपारचा स्वयंपाक आणि मुलांचे डबे आहेतच. रात्री तरावीहची लांब नमाज होते, त्यामुळे झोपायला अकरा-साडेअकरा. पुन्हा चारच्या सुमारास गजर. त्या गजराने आधी उठते ती आई, कारण बाकीचे तिच्या हाकेने उठतात.

त्यात ती नोकरी करणारी असेल तर गणित आणखी अवघड होते. महापालिकेच्या शाळेतली शिक्षिका, मेयोत पाळी करणारी परिचारिका, गांधीबागेत कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी विक्रेती, घरीच शिलाई मशीन चालवणारी दर्जिण, यांपैकी कुणालाही रमजानमध्ये काम सुटत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या तर हातावर ईदपर्यंत कपड्यांचा ढीगच असतो. कामात बुडालेली आई ही आजकालची गोष्ट नव्हे, हेही मोमिनपुऱ्याचे नावच सांगते. मोमिन म्हणजे विणकर. हातमागाच्या त्या घरांत पुरुष मागावर बसे, तेव्हा बाई चुलीपासून उठून कांड्या भरायला बसत असे. माग गेले, नोकऱ्या आल्या. चूल मात्र होती तिथेच राहिली.

या ओझ्याला आकडाही आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये देशातल्या माणसांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. 2024 च्या पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटे वेळ जातो असे दिसले. म्हणजे पावणेपाच तासांहून थोडा जास्त. हेच काम करणाऱ्या पुरुषांचा वेळ 88 मिनिटे, दीड तासही नाही. 2019 मध्ये हे आकडे अनुक्रमे 299 आणि 97 होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ. मुलांची आणि वृद्धांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी मोजली जाते. रमजानचा स्वयंपाक या 289 मिनिटांवर चढतो, हे लक्षात घेतले की कढईपाशी उभी असलेली ती बाई नीट दिसू लागते.

म्हणून यंदा प्रत्येक घराने एकच नियम करून बघावा. अजानच्या दहा मिनिटे आधी गॅस बंद. जे तयार असेल ते दस्तरखानवर, जे राहिले असेल ते राहू द्यावे. इफ्तारपूर्वीची ती दहा मिनिटे दुआ कबूल होण्याची मानली जातात, आणि दिवसभर रोजा धरलेल्या बाईचाही त्या वेळेवर तेवढाच हक्क आहे. पुढच्या सगळ्या युक्त्या या एका नियमासाठी आहेत.

तयारी शाबानमध्ये

रमजानच्या आधीचा महिना शाबान. अनुभवी बायका सांगतात की रमजानचा थकवा शाबानमध्येच कमी करता येतो. विदर्भातल्या बायकांना हे वेगळे शिकवायला नको. उन्हाळा लागला की गल्लीतल्या चार-पाच जणी एकत्र बसून पापड, कुरड्या, शेवया आणि सरगुंडे करून वर्षाची बेगमी करतात. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. काम तेवढेच, पण गप्पांत उरकते आणि वर्षभर पुरते. रमजानची तयारीही याच वाळवणाच्या रीतीने करता येते.

इतवारी, मस्कासाथच्या बाजारातून डाळी, बेसन, हरभरे, खजूर, मसाले आणि शेवया महिन्याच्या हिशेबाने एकदाच आणाव्यात. रोज संध्याकाळी पाचला कुणाला तरी दुकानात पिटाळण्याचा त्रास वाचतो. रोजा असताना भुकेल्या पोटी केलेली खरेदी नेहमी जास्तीची होते, ती उधळपट्टीही टळते.

मग एक रविवार चार कामांसाठी द्यावा. पहिले, आले-लसणाचे वाटण. त्यात थोडे मीठ आणि तेल घालून कोरड्या काचेच्या बरणीत भरले तर फ्रीजमध्ये ते पंधरवडाभर चांगले राहते. दुसरे, कांदा. पातळ चिरून, कुरकुरीत तळून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. सालन असो, बिर्याणी असो की खिचडा, निम्मा वेळ कांदा परतण्यातच जातो. तिसरे, चिंच-खजुराची चटणी. चौथे, समोसे. सारण भरून कच्चेच समोसे ताटात सुटे सुटे मांडून फ्रीझरमध्ये ठेवावेत, कडक झाले की पिशवीत भरावेत. तळताना बाहेर काढून नरम होऊ देऊ नयेत, सरळ मध्यम आचेच्या तेलात सोडावेत.

दहीवड्यांचे वडेही असेच एकदम तळून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. लागतील तेवढे कोमट पाण्यात टाकले की नरम होतात, वर दही घातले की झाले. काळे हरभरे आठवड्यातून दोनदा भिजवून, उकडून ठेवले की इफ्तारला फक्त फोडणी उरते.

एक खबरदारी मात्र हवी. आपल्याकडे ऊन चढू लागले की वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून फ्रीझरमध्ये महिन्याचा साठा करू नये, आठवड्याचाच करावा. लहान लहान पुड्या कराव्यात. एकदा नरम झालेले कच्चे मांस किंवा खिमा पुन्हा गोठवू नये. शिजवलेले अन्न नागपूरच्या उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त बाहेर राहू देऊ नये.

कढईला सुट्टी

इफ्तारची सगळी धांदल तळणामुळे होते. बाकी सारे आधी करता येते, तळण मात्र गरम हवे असते आणि गरम हवे म्हणजे अजानच्या तोंडावर हवे. आईला दस्तरखानपासून दूर ठेवते ती कढईच. म्हणून कढईला आठवड्यातून चार-पाच दिवस सुट्टी द्यावी. तळण शुक्रवारी आणि रविवारी, घरात सगळे असतात तेव्हा.

उरलेल्या दिवशी इफ्तारचे ताट ठरलेले असावे. खजूर, पाणी, फळे, हरभरे आणि एखादे सरबत किंवा ताक. खजूर आणि पाण्यावर रोजा सोडणे हीच तर पैगंबरांची रीत. बारा पदार्थांचे दस्तरखान ही आपण मागाहून जोडलेली हौस आहे. फळांच्या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चकडे सरकला आहे आणि मृग बहराची संत्री नेमकी याच दिवसांत बाजारात येतात. संत्रे सोलायला सुरीही लागत नाही. मुलांच्या हाती द्यावे, ती सोलून मांडतील.

दुसरी युक्ती, इफ्तार आणि जेवण एक करण्याची. हलका इफ्तार, मग मगरिबची नमाज आणि लगेच जेवण. दोनदा मांडणे, दोनदा आवरणे, दोनदा भांडी घासणे वाचते. पोटही जड होत नाही, तरावीहमध्ये झोप येत नाही.

जेवणात एका भांड्यातले पदार्थ निवडावेत. डाळ-गोश्त आणि भात, खिचडा, तहारी, पुलाव. आठवड्याचे सात दिवस सात पदार्थांना वाटून टाकावेत आणि तोच क्रम चार आठवडे चालू ठेवावा. ‘आज काय करायचे’ हा प्रश्न रोज सकाळी पडतो आणि स्वयंपाकाइतकाच थकवतो. तो महिनाभरासाठी एकदाच सुटला की डोके मोकळे होते. घरच्यांनी कुरकुर केली तर त्यांना मोमिनपुऱ्याच्या रात्रीच्या बाजाराची वाट दाखवावी. तिथे रात्रभर कबाब, हलीम आणि मालपुवे मिळतात. आठवड्यातून एखादे दिवशी बाजारातून आणले म्हणून कुठल्याही आईने अपराधी वाटून घेऊ नये.

हिशेब करून बघावा. रोजच्या तळणाचा आणि दुसऱ्यांदा भांडी घासण्याचा मिळून पाऊण तास वाचला, तर तीस दिवसांत साडेबावीस तास होतात. जवळजवळ एक अख्खा दिवस आईला परत मिळतो.

सहरी वीस मिनिटांची

सहरी उशिरात उशिरा, पहाट फुटण्याच्या थोडी आधी करावी अशी रीत आहे. तिचा फायदा घ्यावा. तीनला उठून ताज्या पोळ्या लाटण्याची सक्ती कुठेच नाही. रात्री झोपण्यापूर्वी कणीक मळून ठेवावी, सालन वाटीत काढून ठेवावे, अंडी उकडून ठेवावीत, दही लावून ठेवावे. खजला-फेणी दुधात भिजायला पाच मिनिटे लागतात. दलिया रात्रीच शिजवला तर सकाळी दूध घालून गरम करणे एवढेच उरते. गोडापेक्षा डाळ, अंडे, दही आणि जाड रव्याचा दलिया दुपारपर्यंत जास्त साथ देतो. खारट लोणचे आणि पापड सहरीला टाळले तर दिवसा तहान कमी लागते.

मुलांचे गणवेश, दप्तर आणि पाण्याच्या बाटल्या रात्रीच दारापाशी ठेवाव्यात. मार्चमध्ये बऱ्याच शाळा सकाळच्या सत्रात भरू लागतात. फजरच्या नमाजनंतर आईने पुन्हा तासभर पडायचे की मोजे शोधायचे, हे आदल्या रात्रीच ठरलेले असते.

डोक्यातली यादी भिंतीवर

हातांच्या कामापेक्षा डोक्यातले काम जास्त दमवते. दूध किती घ्यायचे, फित्रा काढला का, धाकट्याचे औषध संपत आले, नणंदेकडे इफ्तारी पाठवायची राहिली, दर्जीकडून कपडे कधी आणायचे. ही यादी कुणाला दिसत नाही, कारण ती आईच्या डोक्यात असते. घरातला प्रत्येक जण तिला विचारतो आणि ती उत्तरे देत राहते.

यावर उपाय अगदी साधा आहे, एक मोठा कागद. फ्रीजच्या दारावर किंवा भिंतीवर चिकटवायचा. तीन रकाने, काम, कोण करणार, कधी. आठवड्याचा स्वयंपाक, किराणा, देणी-घेणी, पाहुणे, सगळे त्यात उतरवायचे. ज्याच्या नावापुढे काम, त्याने ते न सांगता करायचे. मोबाइलवर घराचा ग्रुप असेल तर त्यात फोटो टाकावा, म्हणजे ‘मला माहीत नव्हते’ ही सबब उरत नाही.

‘सांगितले असतेस तर केले असते’

बहुतेक घरांतले पुरुष वाईट नसतात. ते म्हणतात, ‘सांगितले असतेस तर केले असते.’ अडचण याच वाक्यात आहे. सांगण्याचे काम बाईवरच राहते. घर दोघांचे असेल तर त्याची कामे दोघांना दिसायला हवीत. त्यामुळे पुरुषाने ‘मदत’ करू नये, एखादे काम पूर्ण आपल्या अंगावर घ्यावे. फळे आणणे, धुणे, कापणे आणि मांडणे हे सगळे एकच काम आहे. ते अब्बूंचे. इफ्तारनंतरचे आवरणे आणि भांडी मोठ्या मुलाची. सहरीचा गजर आणि सगळ्यांना उठवणेही अब्बूंचे.

यात कुणाला कमीपणा वाटत असेल तर त्याने पैगंबरांचे घर आठवावे. हजरत आयेशा यांना कुणीतरी विचारले, पैगंबर घरात असताना काय करीत? त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ते आपले कपडे स्वतः शिवत, पादत्राणे सांधत, बकरीचे दूध काढत, अशाही नोंदी परंपरेत आहेत. सहीह बुखारीसारख्या मान्यवर संग्रहात आलेली ही गोष्ट दरवर्षी रमजानच्या बयानांतून सांगितली जाते. ती मशिदीतून घरी येईपर्यंत वाटेत कुठे हरवते, हे शोधायला हवे.

पैगंबरांच्या कन्या हजरत फातिमा यांच्या हातांना जाते ओढून घट्टे पडले होते, हीही आठवण हदीसमध्ये जपलेली आहे. घरकामाने हात दुखतात, माणूस थकतो, हे सांगण्यात लाज नाही. थकलेल्या आईने ‘मी थकले’ म्हणणे ही तक्रार नसते.

मुलांचाही वाटा असावा. सहा-सात वर्षांच्या मुलाने दस्तरखान अंथरून खजूर मांडावेत, दहा वर्षांच्या मुलाने सरबत करावे, चौदाच्या पुढच्याने भात लावायला शिकावे. ‘मुलाने’ या शब्दात इथे मुलगाही आहे आणि मुलगीही. बहिणीने भांडी घासायची आणि भावाने मित्रांबरोबर चौकात उभे राहायचे, ही वाटणी पुढे जाऊन एका नव्या घरातल्या कढईपाशी एक नवी अम्मी उभी करते.

पावले मोजणारी आई

अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ नावाची एक बाई होऊन गेली. कारखान्यात कामगार किती वेळा वाकतो, किती पावले चालतो, हे मोजून काम सोपे करणे हा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा व्यवसाय होता. 1924 मध्ये नवरा अचानक गेला आणि अकरा मुलांना वाढवायची जबाबदारी तिच्यावर आली. मग तिने कारखान्याची हीच विद्या स्वयंपाकघरात आणली. बाई एक पदार्थ करताना किती पावले चालते, ओटा किती उंच असावा, कुठली वस्तू कुठे ठेवावी, हे तिने मोजले. पायाने उघडणारी कचऱ्याची बादली आणि फ्रीजच्या दारातले कप्पे ही तिच्याच डोक्यातून निघालेली सोय मानली जाते.

आपल्या छोट्या स्वयंपाकघरातही हे करून बघता येते. एक दिवस मोजावे की इफ्तारची तयारी करताना किती वेळा उठबस होते, किती वेळा फडताळ उघडते. मग इफ्तारला लागणारे सगळे पेले, ताटल्या, चमचे, चाट मसाला आणि साखर एका टोपलीत ठेवावे. संध्याकाळी ती टोपली उचलली की अर्धे दस्तरखान मांडले जाते. सहरीची टोपली वेगळी. दोन टोपल्यांना खर्च काही नाही, पण महिन्याभरात त्या शेकडो खेपा वाचवतात.

परीक्षा, पाळी आणि शेजार

गेली दोन-तीन वर्षे रमजान आणि दहावी-बारावीच्या परीक्षा हातात हात घालून येत आहेत. मूल रोजा धरून पेपरला जाते आणि आईचा जीव वर-खाली होतो. अशा घरात पाहुणे आणि दावती परीक्षेनंतर ढकलाव्यात. नातेवाइकांनी त्याचे वाईट वाटून घेऊ नये. अभ्यासाला सगळ्यात चांगला वेळ फजरनंतरचा असतो. पहाटे आई मुलाला चहा करून देते, ठीक आहे. पण त्यासाठी तिनेही दोन तास जागे बसावे, असे नाही.

दावत द्यायचीच असेल तर प्रत्येक घराने एक पदार्थ आणावा. एकीने वीस जणांचे सगळे रांधण्यापेक्षा पाच जणींनी एकेक पदार्थ करणे सोपे. मशिदीत इफ्तारी पाठवण्याचीही गल्लीत पाळी लावावी. रोज प्रत्येक घरातून एक ताटली जाण्याऐवजी रोज दोन घरांतून मोठे भांडे जावे.

रुग्णालयात किंवा कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या बायकांना सहकाऱ्यांची साथ लागते. रोजा सोडण्याच्या वेळी एखाद्या मैत्रिणीने पंधरा मिनिटे तिची जागा सांभाळली तर फार होते. नागपुरात अशी अदलाबदल नवी नाही. नवरात्रात एकीच्या उपवासाला दुसरी सांभाळते, रमजानमध्ये पहिली परतफेड करते. शेजारच्या काकूंनी मुलांना शाळेतून आणले, एका दुपारी त्यांना सांभाळले, तर रोजेदार आईला अर्ध्या तासाची झोप मिळते. दुपारच्या या झोपेला ‘कैलुला’ म्हणतात आणि ती सुन्नत मानली जाते. ज्या वाचकांच्या शेजारी एखादी रोजेदार आई राहते, त्यांना तिच्यासाठी काही करायचे असेल तर मिठाईपेक्षा ही अर्ध्या तासाची भेट द्यावी.

सवलत घेणे हा गुन्हा नव्हे

कुराणात रोजांचा आदेश ज्या आयतींत आहे, तिथेच हेही सांगितले आहे की अल्लाहला माणसांसाठी सोय हवी आहे, अडचण नव्हे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. गर्भवती आणि बाळाला पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची काळजी वाटत असेल तर तिलाही ती आहे. तरीही कित्येक बाया ‘लोक काय म्हणतील’ म्हणून रोजा धरतात आणि चक्कर येईपर्यंत कामही करतात. मधुमेह, रक्तदाब, रक्ताची कमतरता असलेल्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे करून पाणी प्यावे, एकदम तीन पेले रिचवू नयेत. चहा कमी करावा.

शरीर ठीक असूनही मन सारखे भरून येत असेल, झोप उडाली असेल, मुलांवर विनाकारण हात उचलला जात असेल, तर ते कामाच्या ओझ्यापलीकडचे असू शकते. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे फोन करून बोलता येते, पैसे लागत नाहीत.

शेवटचे दहा दिवस

रमजानचे शेवटचे दहा दिवस सगळ्यात मोलाचे. त्यातल्याच एका रात्री शब-ए-कद्र असते, हजार महिन्यांहून श्रेष्ठ मानलेली रात्र. आणि आई याच दहा दिवसांत सगळ्यात जास्त धावते. सीताबर्डीत कपडे, इतवारीत बांगड्या, घराची झाडझूड, शीरखुर्म्याचा सुका मेवा. ज्या रात्रींसाठी महिनाभर रोजे धरले, त्या रात्री ती बाजारात किंवा शिलाई मशीनवर असते.

म्हणून ईदची खरेदी रमजानपूर्वी उरकावी. कपडे शाबानमध्येच दर्जीकडे टाकावेत, पंधरा रोजे झाले की ते नवे काम घेतही नाहीत. सुका मेवा आधीच चिरून, भाजून बरणीत भरावा. जकात आणि फित्र्याचा हिशेब घरातल्या कर्त्या पुरुषाने पहिल्याच आठवड्यात करून टाकावा. शेवटच्या दहा रात्रींपैकी निदान दोन-तीन रात्री घरातल्या दुसऱ्या कुणी मुलांना झोपवावे आणि आईला जानमाजवर निवांत बसू द्यावे. ती नमाज पढेल, कुराण वाचेल किंवा नुसती डोळे मिटून बसेल. त्या वेळेचे काय करायचे ते तिने ठरवावे.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018 मध्ये तो नागपूरच्या ऐन मे-जूनच्या भट्टीत आला होता. काही वर्षांनी तो थंडीत येईल, दिवस लहान होतील. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरात. ऊन कमी होईल, रोजे सोपे होतील. कढईपाशी उभी असलेली बाई मात्र आपोआप दस्तरखानवर येणार नाही. तिच्यासाठी घरातल्या कुणालातरी उठावे लागेल.

उद्या संध्याकाळी घड्याळाकडे बघावे. अजानला दहा मिनिटे उरली की घरातल्या कुणीतरी स्वयंपाकघरात जावे, गॅसची कळ फिरवावी आणि म्हणावे, ‘अम्मी, चला. बाकी राहू द्या.’ कदाचित ती म्हणेल, ‘फक्त एक घाणा राहिलाय.’ तेव्हा तिच्या हातातला झारा काढून घ्यावा.